वासाची जागा

इंग्रजी वाक्यात वर्णनाचे शब्द कुठे ठेवावेत, हे मला आता बऱ्यापैकी येतं. इथे पुण्याच्या वसतिगृहात पहिल्या वर्षाची मुलं निबंधाच्या वह्या घेऊन माझ्या खोलीवर येतात. ज्याचं वर्णन करायचं त्याला खेटूनच ते शब्द ठेवा, मध्ये दुसरं कुणी शिरलं की ते त्याचे होऊन बसतात, असं मी त्यांना सांगतो. मुलं माना डोलावतात. मग उदाहरण मागतात. उदाहरणं मी पुस्तकातली देतो. माझं स्वतःचं एक आहे, ते अजून कुणाला दिलेलं नाही. ते इथे लिहून काढतो आहे. नीट जमेलच असं नाही.

आम्ही मोहोळच्या बाजूचे धनगर. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पन्नास-साठ मेंढरं होती. घरात पहिलं अक्षर मी गिरवलं. गावच्या शाळेतून पुढे सोलापूरच्या हायस्कुलात गेलो आणि गरीब मुलांच्या एका बोर्डिंगात राहू लागलो. आबांना अक्षर येत नव्हतं, पण वारा कळत होता. माळावर मेंढरं बसवली की ते मूठभर धूळ हातातून सोडून बघत आणि धूळ ज्या अंगाला जाई त्या अंगाला जाऊन बसत. लांडगा तिकडूनच येतो, त्याला आपला वास मेंढरांना लागू द्यायचा नसतो.

"वास पोचू द्यायचा नसंल तर वाऱ्याच्या खाली ऱ्हायाचं," ते मला सांगत. "लांडग्याला कळतंय, तुला कळाया नगो?"

दुसरी एक गोष्ट त्यांना येई. कुठलाही आवाज एकदा ऐकला की तो त्यांच्या घशात बसे. टिटवी, मिलचा भोंगा, स्टेशनवरचा हमाल, सगळे ते काढून दाखवत. सोलापुरात एका तेलुगू फेरीवाल्याची आरोळी त्यांनी ऐकली होती. तिचा एकही शब्द त्यांना कळला नव्हता, पण घरी येऊन त्यांनी ती अशी म्हटली की आई दारात जाऊन बघून आली.

इंग्रजीचे आमचे मास्तर हुशार होते. रागाच्या भरात हे राहून जाऊ नये म्हणून आधीच लिहितो. त्यांच्याइतकं स्वच्छ शिकवणारं मला कॉलेजातही अजून कुणी भेटलं नाही. ते म्हणत, मराठीत शब्दांना विभक्तीचे प्रत्यय असतात, म्हणून शब्द कुठेही गेला तरी ओळखू येतो. इंग्रजीत ते नाही. तिथे शेजार बघायचा. मला हे लगेच पटलं होतं. आमच्या मेंढरांच्या कानाला खूण असते, ती दुसऱ्याच्या कळपात गेली तरी आमचीच. बिनखुणेचं मेंढरू मात्र ज्याच्या कळपाशेजारी सापडेल त्याचं. हे मी एकदा वर्गात बोललो. मास्तर म्हणाले, "उत्तम. मेंढ्यांना जे कळतं ते आमच्या मॅट्रिकच्या वर्गाला कळत नाही." मी ते कौतुक समजलो आणि बसलो.

त्यांना रोज थट्टेला एक मुलगा लागे. माझ्या शेजारी बसणारा मुलगा विणकराच्या घरचा होता. सकाळी घरी सूत रंगवून येई, हात कोपरापर्यंत निळे असत. मास्तर त्याला म्हणत, "तू दौत आणू नकोस रे. टाक बोटात बुडव आणि लिही." वर्ग हसे. मीही हसत असे.

त्या वर्षी दिवाळीनंतर आबा मला भेटायला आले ते मास्तरांसाठी एक घोंगडी घेऊन. कोकरांच्या पहिल्या कातरीची लोकर मऊ असते. तिची घोंगडी आमच्याकडे विकत नाहीत, देवाला वाहतात, नाहीतर ज्याचे उपकार असतील त्याला देतात. नव्या घोंगडीला मेंढराचा आणि चिंचोक्याच्या खळीचा वास असतो. घोंगडी हातात घेतली की आमचा माणूस ती आधी नाकाला लावतो. वास नसला तर लोकर जुनी आहे, फसवणूक आहे, असं समजतो. आबांनी ती मास्तरांच्या हातात देताना म्हटलं, "वास घ्या जी. कसा हाय बगा." मास्तरांनी वास घेतला नाही. पण घोंगडी ठेवून घेतली.

मॅट्रिकच्या आधी शाळेची स्वतःची परीक्षा असे. तीत पास होईल त्याचाच फॉर्म पुढे जाई. माझा फॉर्म अडला असता तर बोर्डिंगातली जागाही गेली असती, आणि मग मेंढरांमागे जाण्याखेरीज काही उरलं नसतं. त्या परीक्षेत निबंध आला, 'एक आठवणीतली भेट'. मी घोंगडीवर लिहिलं. कातर, पिंजण, खळ, सगळं लिहिलं. आणि एक वाक्य असं लिहिलं: माय फादर गेव्ह अ ब्लँकेट टू अवर टीचर, स्मेलिंग ऑफ शीप. मला म्हणायचं होतं की घोंगडीला मेंढराचा चांगला वास होता, ती अस्सल होती. ते तीन शब्द मात्र मी शेवटी टाकले होते, मास्तरांना खेटून.

पेपर तपासून झाले की मास्तर सर्वांत वाईट निबंध वर्गात मोठ्यानं वाचत. माझा वाचायला घेतला. त्यांनी तो आधी नीट वाचला नसावा, कारण ते वाक्य त्यांनी हात उंचावून, नाटकी सुरात पुरं म्हटलं आणि म्हणून झाल्यावर थांबले. शेवटच्या बाकावरून एकानं अगदी हळू "बॅऽऽ" केलं. मग वर्ग फुटला. पुढचे चार-पाच दिवस मास्तर व्हरांड्यातून गेले की मुलं नाकाला रुमाल लावत. खालच्या वर्गातली पोरंसुद्धा. मी कुणाला तसं करायला सांगितलं नव्हतं, पण त्याचं कारण मीच होतो.

इंग्रजीत मी दोन मार्कांनी नापास झालो होतो. मास्तरांनी मला बोलावलं. आवाज चढवला नाही.

"तुझा फॉर्म माझ्याकडे आहे," ते म्हणाले. "दोन मार्कांचं काही नाही, ते मी देऊ शकतो. वडिलांना घेऊन ये. त्यांना बघून ठरवतो."

मी गावी निरोप धाडला. सोमवारी सकाळच्या गाडीनं आबा आले. मेंढरं मामाकडे सोडून आले होते. डोक्याला धुतलेलं मुंडासं होतं, पण अंगावर रोजचीच घोंगडी, आणि हातात काठी. वर्गाच्या दारात ते उंबऱ्यापाशी खाली बसायला लागले.

"छे छे, तिथे काय! या," मास्तरांनी स्वतःची खुर्ची पुढे ओढली. "विद्यार्थ्याचे वडील तुम्ही. खुर्चीवर बसा."

"न्हाय जी, मी हितंच बरा."

"मी सांगतोय ना. बसा."

आबा बसले. खुर्ची मोडेल की काय अशा बेतानं, काठावर, दोन्ही गुडघ्यांत काठी धरून. पहिल्या बाकावरचा एक मुलगा मागे सरकला आणि त्यानं तोंड फिरवलं. आबांनी त्याच्याकडे बघून मान हलवली, ओळखीच्या पोराकडे बघून हलवावी तशी.

"तुमच्या मुलानं तुमच्यावर इंग्रजीत वाक्य लिहिलंय, माहीत आहे?"

"माज्यावर?"

"तुमच्यावर. थोडं चुकलंय. ते आज दुरुस्त करून घेऊ, की लगेच फॉर्मवर सही. ऐकाल ना?"

"ऐकतो की. लई ऐकतो."

मास्तरांनी माझं वाक्य फळ्यावर लिहिलं, शेवटचे तीन शब्द सोडून. मग बाप, घोंगडी आणि मास्तर या तिघांच्या पुढे खडूनं एकेक रिकामा चौकोन काढला. स्वतःच्या पुढच्या चौकोनावर त्यांनी फुली मारली.

"ही जागा तुझी वापरून झाली," ते म्हणाले. हे आणि यापुढचं सगळं इंग्रजीत, आबांना कळू नये असं. "दोन उरल्या. ज्याला वास येतो त्याच्या शेजारी ठेव."

मी घोंगडीच्या चौकोनात लिहिलं. मला तेच म्हणायचं होतं आणि तेच खरं होतं.

"घोंगडी?" मास्तर म्हणाले. "घोंगडी मी गड्याला देऊन टाकली. ती या वर्गात आहे का?"

"नाही सर."

"मग या वर्गात जे आहे त्याचं सांग. तुला नाक आहे ना? का सवयीनं गेलं?"

मुलं हसली. आबांनी मुलांकडे बघितलं आणि तेही थोडे हसले.

"सर, व्याकरणानं हेही बरोबर आहे," मी म्हणालो. इतकं मी बोललो, याची मला अजून आठवण आहे, आणि ती मी पुन्हा पुन्हा काढून बघतो.

"व्याकरणानं दोन्ही बरोबर आहेत. म्हणून तर तुला विचारतोय." त्यांनी खिशातून माझा फॉर्म काढला, टेबलावर ठेवला आणि त्यावर दौत ठेवली. "खरं काय ते लिही. घाई नाही."

मला असं वाटत आलं आहे की मी खूप वेळ तसाच उभा होतो. शेजारचा मुलगा नंतर म्हणाला, मुळीच नाही, तू लगेच पुसलंस.

मी पुसलं आणि ते तीन शब्द बापाच्या शेजारी लिहिले.

"वाच."

मी वाचलं. माय फादर, स्मेलिंग ऑफ शीप, गेव्ह अ ब्लँकेट टू अवर टीचर. अंगाला मेंढरांचा वास येणाऱ्या माझ्या बापानं आमच्या मास्तरांना घोंगडी दिली.

"मोठ्यानं. त्यांच्याकडे तोंड करून. ते एवढे लांबून आलेत."

मी आबांकडे तोंड करून वाचलं. मग तिसऱ्यांदा. मग मास्तरांनी सगळ्या वर्गाकडून म्हणवून घेतलं, छडीनं फळ्यावरच्या एकेका शब्दाला टेकत. चाळीस मुलं एका सुरात माझ्या बापाला ते सांगत होती, आणि आबा त्या तालावर मान हलवत होते. त्यांचे ओठ हलताना मला दिसले.

"लई ग्वाड बोलतंय की जी पोरगं," ते मास्तरांना म्हणाले.

वर्ग कोसळला. आबाही पोटभर हसले. आपण काहीतरी चांगलं बोललो असं त्यांना वाटलं असावं.

मास्तरांनी सही केली, टिपकागदानं टिपली आणि फॉर्म माझ्या हातात दिला. "आता हा नियम तू जन्मात विसरणार नाहीस," ते म्हणाले. ते खरं ठरलं.

बाहेर आलो तेव्हा शेजारचा मुलगा पाणी पीत होता. त्यानं निळ्या हातानं तोंड पुसलं. "मिळाला की रे फॉर्म," तो म्हणाला. "स्वस्तात पडला."

स्टेशनपर्यंत आबा आणि मी चालत गेलो. दुपारचा भोंगा झाला होता, मिलचे लोक रस्त्यावर होते.

"मास्तर लई देवमाणूस," आबा म्हणाले. "खुर्ची दिली. काय रं, माज्यावर काय लिवलं हुतंस?"

"आबांनी मास्तरांना चांगली घोंगडी दिली, असं."

"चांगली, असं लिवलंस?"

"व्हय."

मग त्यांनी घसा साफ केला आणि म्हटलं. माय फादर, स्मेलिंग ऑफ शीप, सगळं, शेवटपर्यंत. मास्तरांच्या आवाजात. फक्त ब्लँकेट हा शब्द जरा घसरला. ते थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले.

मी तेव्हा सांगू शकलो असतो. निदान दुसरं एखादं वाक्य शिकवू शकलो असतो. सूर्य पूर्वेला उगवतो, काहीही. मी काय केलं ते लिहितो. मी म्हणालो, "ब्लँकेट, आबा. ब्लँ-केट." त्यांनी दोनदा घोळलं आणि तिसऱ्यांदा अगदी बरोबर म्हटलं. मी म्हणालो, "आता जमलं." आणि हेही लिहायला हवं की त्या क्षणी, जमलं याचाच मला आनंद झाला होता.

मी मॅट्रिक पास झालो. इंग्रजीत चांगले मार्क पडले. जूनमध्ये गावी होतो, पुण्याला जायची तयारी चालली होती, तेव्हा गावच्या शाळेवर दिपोटी आले. शाळा तपासणाऱ्या साहेबांना आमच्याकडे दिपोटीच म्हणतात. शाळा मारुतीच्या देवळात भरे. गुरुजींनी मला दाखवायला बोलावलं आणि माझ्यामागून आबाही आले. पायरीजवळ उभे राहिले. गावची पाच-पंचवीस माणसं गोळा झाली होती.

"याचा मुलगा, साहेब," गुरुजी म्हणाले. "गावातला पहिला मॅट्रिक."

"शाबास," दिपोटी म्हणाले. आणि सहज, काहीतरी बोलायचं म्हणून, आबांकडे वळून म्हणाले, "पोरगा शिकला, आणि बाप काय शिकला?"

"मलाबी येतंय की इंग्रजी, सायेब," आबा म्हणाले.

मी त्यांच्या बाहीला हात घातला. त्यांनी तो सोडवला. पोरगं लाजतंय असं त्यांना वाटलं. त्यांनी मुंडासं नीट केलं, ताठ उभे राहिले आणि म्हटलं. एक अक्षर चुकलं नाही. ब्लँकेटसुद्धा.

दिपोटींच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं. मग ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "पुन्हा," ते म्हणाले. "पुन्हा म्हण बाबा." आबांनी पुन्हा म्हटलं, अधिक मोठ्यानं.

"अहो, हा काय म्हणतोय कळलं का तुम्हाला?" दिपोटी गुरुजींना म्हणाले, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं मराठीत सांगितलं: "माझ्या बापाच्या अंगाला मेंढरांची घाण येते, आणि त्यानं मास्तरला घोंगडी दिली!"

घाण हा शब्द त्यांनी पदरचा घातला. आमच्याकडे वास नुसता वास असतो. पण ते मी तिथे कुणाला सांगणार? दिपोटी हसले म्हणून गुरुजी हसले, गुरुजी हसले म्हणून लोक. सकाळी माझ्या आईनं ज्यांना पेढे वाटले होते, तेही.

"शिकवलं कुणी हे तुला?"

"माज्या पोरानं," आबा म्हणाले. त्यांचा आवाज परत त्यांचा स्वतःचा झाला होता.

दिपोटींनी माझ्याकडे बघितलं. "उच्चार चांगले आहेत," ते म्हणाले.

संध्याकाळी मेंढरं आली. दिवसभर कोंडलेली कोकरं सोडून, ज्याच्या त्याच्या आईला पाजायला लावायची असतात. कोकरू चुकून दुसरीकडे गेलं तर मेंढी त्याला हुंगते आणि लाथ मारते. हे काम आबा आणि मी कायम मिळून करत आलो होतो. आबा एकेक कोकरू उचलून माझ्या हातात देत होते. पाच-सहा कोकरं झाल्यावर ते म्हणाले,

"तवा तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"तीनी बारीला?"

"व्हय."

त्यांनी आणखी एक कोकरू दिलं. मी ते मेंढीला लावलं.

"आन् वाटंनं, मला शिकवलंस तवा?"

मला वाटतं मी खोटं बोललो असतो तर त्यांनी ते धरून ठेवलं असतं. त्यांना ते हवं होतं. पण मला तेव्हा असं वाटलं की आता तरी खरं बोलावं.

"व्हय," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले. त्या दिवशी उरलेली कोकरं त्यांनी एकट्यानं लावली. मला हात लावू दिला नाही.

नंतरचे आठ-दहा दिवस गावातली पोरं त्यांना बघून "स्मेलिंग, स्मेलिंग" ओरडत. शब्दाचा अर्थ पोरांना माहीत होता, दिपोटींनीच सांगितला होता. आबा मेंढरं गावाबाहेरून न्यायला लागले. टिटवी, भोंगा, कुठलाही आवाज त्यांनी नंतर काढलेला मी ऐकला नाही.

पुण्याला निघायच्या आधी आई म्हणाली, "अवो, पोराला येक घोंगडी द्या की. तिकडं थंडी लई असती म्हनं." आबा सोलापूरला जाऊन आले आणि त्यांनी मिलची चादर विकत आणली. नवी, घडी न मोडलेली. आमच्या घरात विकतचं पांघरूण आलेलं ते पहिलं. आईनं ती उलगडली, सवयीनं नाकाला लावली आणि परत घडी घातली.

मोहोळच्या स्टेशनवर आबा मला पोचवायला आले. मी फलाटावर ट्रंक ठेवली आणि वळून बघितलं तर ते दहा पावलांवर उभे होते. आजूबाजूला चांगल्या कपड्यांतली दोन-चार माणसं होती. मी त्यांच्याकडे जायला लागलो.

"थांब तितंच," ते म्हणाले.

त्यांनी खाली वाकून चिमूटभर धूळ उचलली आणि बोटांतून सोडली. धूळ माझ्याकडे आली. मग ते माझ्यापासून तेवढंच अंतर ठेवून, ट्रंकेला वळसा घालून, माझ्या दुसऱ्या अंगाला गेले आणि तिथे उभे राहिले.

"आता बोल," ते म्हणाले.

मी काय बोललो ते आठवत नाही. पत्र लिहीन, असं काहीतरी. त्यांना वाचता येत नव्हतं. गाडीला उशीर होता. ती येईपर्यंत वारा दोनदा फिरला, आणि ते दोनदा हलले.